कादंबरीतला तो माणूस मीच

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवृत्त झाल्यावरही हटकून आठवते ती एका कादंबरीवरून झालेली चौकशी.

पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावचे शेठ एका सकाळी दिवाळी अंक घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आले. अंकात एका नव्या लेखिकेच्या कादंबरीतलं एक प्रकरण छापलं होतं आणि पूर्ण पुस्तक रोह्याच्या प्रकाशकाकडे छपाईला गेलं होतं. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून आमच्याकडे बांधाला लाकडी फळ्यांचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. गोष्टीतला खलनायक ऐन उधाणाच्या वेळी त्या फळ्या काढायला लावतो, लोकांची भातशेती खारी करतो आणि मग तीच जमीन मातीमोल भावाने घेतो. शेठचं म्हणणं, हा माणूस मीच. बाईवर गुन्हा नोंदवा आणि पुस्तक थांबवा.

बदनामीचा गुन्हा अदखलपात्र. नोंद करून त्यांना कोर्टाचा रस्ता दाखवता आला असता. पण दुपारी वरून फोन आला की शेठ आपले आहेत, जरा बघा. असा फोन आला की माझं डोकं फिरायचं, आणि मग मी खरोखरच बघायचो. त्यातच बीटच्या हवालदाराने खबर आणली, की शेठची माणसं रोह्याला जाऊन प्रकाशकाला दम देऊन आली आहेत आणि छपाई बंद पडली आहे.

मी लेखिकेला बोलावलं. धाटावच्या एका कंपनीत त्या लॅबमध्ये नोकरीला होत्या. शिफ्ट संपवून थेट ठाण्यात आल्या, आणि बसा म्हणायच्या आत बसल्या. प्रकाशकाने त्यांना सांगितलं होतं, प्रकरण गाळा, गाव बदला आणि पहिल्या पानावर माफी छापा. नाहीतर पुस्तक निघणार नाही. त्यांनी तिन्हीला नकार दिला होता. पहिलंच पुस्तक होतं, दुसरा कोणी प्रकाशक दारात उभा नव्हता.

खलनायक शेठच आहेत का, असं मी सरळ विचारलं.

“सायेब, त्याची मिशी माझ्या मामाची हाय, चाल एका मास्तरांची, बोलणं बाजारात ऐकलेलं. येवढं जमवून मी तो माणूस उभा केला. तो शेठचा नाय, माझा हाय.”

फळ्यांचं काय, म्हटलं. ते बनवलं, म्हणाल्या. काही वर्षांपूर्वी गावचा बांध खरोखर फुटला होता, उघाडीसकट वाहून गेला होता. पंचनाम्यात उधाणाने फुटला अशी नोंद होती आणि गावालाही तेवढंच ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांचं शेत त्यातच खारं होऊन शेठकडे गेलं होतं.

मग शेठना जबाबासाठी बोलावलं. चहा मागवला. बदनामी म्हणायची तर खोटं काय लिहिलंय ते नेमकं नोंदवावं लागेल, असं सांगून मी प्रकरण ओळीने वाचायला घेतलं. माणूस आरोप नाकारताना सावध असतो. पण त्याने केलेल्या कामाचं वर्णन कोणी चुकीचं केलं, की त्याला राहवत नाही. फळ्यांपाशी आलो आणि शेठ उखडले.

“अहो साहेब, फळ्यांना हात कोणी लावला? काहीही लिहिते ही बाई. मशीनने पलीकडून बांधाला चर मारलेला.”

हवालदाराचं लिहिणं थांबलं. मी त्याला म्हटलं, लिही. शेठनी चहा तसाच ठेवला, आणि अर्ज मागे घ्यायचा आहे म्हणाले.

पोलिसासमोरचं असं बोलणं कोर्टात टिकत नाही, पण तपासाला दिशा मिळते. आम्ही मशीन चालवणाऱ्याला शोधलं. त्याच्या मनावरही ओझं होतंच. त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिला. गुन्हा दाखल झाला, शेठना अटक झाली आणि प्रकाशकालाही एकाएकी धीर आला.

मी लेखिकेला सुचवलं, आता खरं कळलंय, तर छापायच्या आधी फळ्यांऐवजी मशीन घाला.

“मशीन तुमच्या दोषारोपपत्रात लिवा, सायेब. माझ्या गोष्टीत फळ्याच काढल्या.”

मला राग यायला हवा होता, पण अभिमान वाटला. आमच्या पंचनाम्याला जे दिसलं नव्हतं, तिथवर ही बाई नुसत्या कल्पनेने पोचली होती, आणि आता खऱ्यापुढेही आपली गोष्ट वाकवायला तयार नव्हती. तेव्हापासून, ही तर गोष्ट आहे, असं म्हणून मी कुठलंही पुस्तक बाजूला टाकलेलं नाही.

पुस्तक आलं. प्रकरण तेच, गाव तेच, माफी नाही. त्याच आठवड्यात पुन्हा वरून फोन आला, की हे पुस्तक जरा आवरता येईल का. मी सांगितलं, साहेब, आधी वाचून बघा. आणि त्यात तुम्ही कुठे सापडलात तर अर्ज घेऊन या, जबाब मी स्वतः लिहून घेईन.