तात्यांच्या आवाजात घातलेलं गाऱ्हाणं

मी नकला करतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच घडलंय. सोसायटीचा सेक्रेटरी, शाळेतले पीटीचे सर, भाजीवाला, कोणाचाही आवाज द्या, दोन दिवसांत गळ्यात बसतो. महाडला शाळेत असताना हेडमास्तरांच्या आवाजात शेवटच्या तासाला सुट्टी जाहीर केली होती. अर्धा वर्ग घरी पोचला पण होता. त्याच्या छड्या अजून हाताला आठवतात. फक्त एक आवाज मला कधीच जमला नाही, आईचा. कितीदा करून दाखवला, तर ती म्हणायची, "मी अशी बोलते? ही तर कोणीतरी आजारी बाई बोलतेय." आमच्या खारघरच्या अकराव्या मजल्यावरून तिने हाक मारली की माझ्याआधी खालचा वॉचमन वर बघतो, असा तो आवाज.

देवाचं म्हणाल तर मी हात जोडायचो, पण एक डोळा उघडा ठेवून. बाजूचा कसा हात जोडतोय ते बघायला. नक्कल करणाऱ्याला सगळीकडे मालच दिसतो.

गेल्या वर्षी आईच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. गाठ साधी आहे असं रिपोर्ट म्हणाला, पण मोठी होती आणि गिळताना त्रास व्हायला लागला होता. डॉक्टर भला माणूस. त्यांनी कागदावर गळा काढून दाखवला आणि सांगितलं की आवाजाची नस गाठीला चिकटल्यासारखी दिसतेय. ऑपरेशनमध्ये तिला धक्का लागला तर आवाज बसेल. कदाचित परत येईल, कदाचित नाही. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. म्हणजे घरात आवाज म्हणून जो काय आहे तो तिचाच; माझे सगळे दुसऱ्यांचे. रिक्षात बसल्या बसल्या मी डॉक्टरांची नक्कल केली, तो चष्मा, ते "घाबरायचं नाही हं". आई पोट धरून हसली. मग घर येईपर्यंत रिपोर्टची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली.

ऑपरेशनला तीन आठवडे होते. आई म्हणाली, आधी गावी जाऊ, देवीसमोर तात्यांकडून गाऱ्हाणं घालून घेऊ, मग काय कापायचं ते कापू दे. तिचं माहेर देवगडच्या अलीकडे, समुद्राला लागून. तिथे देवळात नुसते हात जोडून भागत नाही. आपलं म्हणणं देवीला मोठ्याने सांगावं लागतं, आणि ते आपण नाही सांगायचं; गावच्या वतीने गुरव सांगतो. कोण आलंय, कुठून आलंय, काय दुखतंय, काय हवंय. प्रत्येक वाक्याला उभे असलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा". तात्या म्हणजे ते गुरव. आईच्या लग्नाचं गाऱ्हाणं त्यांनी घातलं, माझ्या बारशाचंही त्यांनीच. मे महिन्याच्या सुट्टीत देवळाच्या पायरीवर बसून मी ते ऐकायचो. तात्या आधी चिमूटभर तपकीर ओढायचे, एकदा खोकायचे, "हां" म्हणायचे आणि मग जो आवाज लागायचा तो थेट समुद्रापर्यंत.

आता खरी गोष्ट सांगतो, जी सांगायला लाज वाटते. तेच गाऱ्हाणं माझा हिट आयटम होता. उलव्यापासून शिरवण्यापर्यंत कितीतरी लग्नांच्या हळदींत मी ते केलंय. तात्यांचा आवाज, तात्यांची तपकीर, तात्यांचा खोकला, आणि मागणं काय, तर बा म्हाराजा, ह्या लेकराला सोसायटीत पार्किंग मिळू दे. सगळा मांडव ओरडायचा, व्हय म्हाराजा. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो फिरला. आईने तो बघितला, फोन उलटा ठेवला आणि पोळ्या लाटायला गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

म्हणून त्या तात्यांच्या दारात जायचं म्हटल्यावर मी पळवाट काढायला लागलो. मी म्हटलं, हायवेने एका दिवसात पोचू आणि दुसऱ्या दिवशी परत येऊ. आई म्हणाली, नाही, समुद्राच्या कडेकडेने जायचं. गाडीत बसून डोंगरच बघायचा तर आपल्या खिडकीतून खारघरचा दिसतो की.

तर निघालो. अलिबागला ओहोटी होती म्हणून पाण्यातल्या किल्ल्यापर्यंत चालत गेलो, आईने चपला हातात घेतल्या. मुरूडच्या पुढे गाडी बोटीत घालून खाडी ओलांडली. जानेवारीचे दिवस, आंब्याला मोहोर, वाळत घातलेल्या मासळीचा वास काचा बंद केल्या तरी आत. आई प्रत्येक गावाचं काहीतरी सांगत होती. मी मात्र एक चोरी करत होतो. डॅशबोर्डवर फोन लावलेला, मॅप चालू आहे असं सांगून मी तिचा आवाज रेकॉर्ड करत होतो. वळण आलं, नारळ दिसले, कोणी कट मारला, तिचं सगळं बोलणं. म्हटलं, गेलाच आवाज तर निदान हा माझ्याकडे असेल.

दुसऱ्या दिवशी दाभोळच्या खाडीत बोटीवर मी तिला चहा हवा का विचारलं. तिने तोंड न उघडता दोन बोटांनी "थोडा" अशी खूण केली. मला वाटलं गंमत. मग साखर विचारली, तर मान हलवली. म्हटलं, आई, काय झालं, घसा दुखतोय? तेव्हा ती म्हणाली, "सवय करून घेते रे." एवढंच. पाण्याकडे बघत बसली. मी रागावलो, बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो. राग तिचा नव्हता. माझ्याकडे शंभर आवाज होते आणि त्यातला एकही त्या वेळी बोलायला तयार नव्हता, त्याचा होता.

रत्नागिरीला थिबा राजवाडा बघितला. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी तिथे आणून ठेवलं होतं, ते आईला शाळेपासून माहीत. ती गच्चीवरून खाडी बघत म्हणाली, "बोलायला कोण होतं रे ह्याला इथे? ह्याची भाषा तरी कुणाला कळत असेल?" मी जोक मारणार होतो. नाही मारला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गावात पोचलो. गाडीतून उतरताना आईने बजावलं, पाया पड आणि गप्प उभा राहा, काही नाटकं नकोत. तात्यांच्या अंगणात त्यांची बायको, आमच्या काकीआजी, कोकमं निवडत बसल्या होत्या. आईला बघून उठल्या, गळ्यात पडल्या. तात्या पडवीत खुर्चीत होते. मी वाकलो. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता.

काकीआजींनी सांगितलं, आठ महिने झाले. उजवी बाजू गेली, तिच्याबरोबर वाचा गेली. देवळातली पूजा पुतण्या करतो, पण त्याला गाऱ्हाणं येत नाही, दोन वाक्यं बोलून नारळ फोडतो. तात्यांनी ते कधी लिहून ठेवलं नव्हतं.

आई खाली ओट्यावर बसली. तीन दिवसांचा रस्ता तिने ज्या आवाजासाठी केला होता, तो आवाजच नव्हता. तिने गळ्यावर हात ठेवला. एका गावातून दोन आवाज जाणार असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, देवाचा इतका राग मला कधी आला नव्हता. ज्या देवीला रोज ज्याने हाक मारली, त्याचीच वाचा घेतली, मग आमचं काय ऐकणार ती?

तेवढ्यात काकीआजी माझ्याकडे निरखून बघायला लागल्या. "तो तूच मा रे, व्हिडिओतलो?"

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "रोज सांजेक दिवो लावलो काय तुजो व्हिडिओ लावतंय. ह्येंचो आवाज घरात ऱ्हवता. ता पार्किंगचा काय ता माका कळणा नाय, पण आवाज ह्येंचोच."

मी तात्यांकडे बघितलं. त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसत होती. मग त्यांनी डावा हात उचलला, माझ्याकडे बोट केलं आणि तेच बोट देवळाकडे नेलं. पुन्हा माझ्याकडे, पुन्हा देवळाकडे. आईला आधी कळलं. ती म्हणाली, "तात्या सांगतायत तर घाल."

मी म्हटलं, आई, मी गुरव नाही. मी हळदीत करतो ते. ती म्हणाली, "माहीत आहे कुठे करतोस ते. आज इथे कर."

तात्यांना आम्ही गाडीत पुढच्या सीटवर बसवून देवळात नेलं. आठ महिन्यांत ते पहिल्यांदा गाभाऱ्यासमोर आले होते. पुतण्याने खुर्ची मांडली, नारळ ठेवला. आई पदर पसरून उभी राहिली. मी डोळे मिटले. दोन्ही. आणि सवयीने आधी तपकीर ओढल्यासारखं केलं, एकदा खोकलो, "हां" म्हटलं. शी, हे काय केलं, असं वाटेपर्यंत आवाज लागलासुद्धा.

"गे आई, बारा वाड्यांच्या धनिणी, आज ही तुजी माहेरवाशीण पदर पसरून तुज्या दारात उभी आसा."

"व्हय म्हाराजा." पुतण्या, काकीआजी, आई. आणि खुर्चीतून एक आवाज आला, शब्द नसलेला, घशातून ओढून काढलेला. तात्या म्हणत होते. आयुष्यभर त्यांनी गाऱ्हाणं घातलं, पण त्याला व्हय म्हणायची वेळ त्यांच्यावर बहुतेक पहिल्यांदाच आली असेल.

मी पुढे म्हणत गेलो. नवी मुंबईत ऱ्हवता, घोव गेलो, म्हणजे बाबा; एकच झील आसा, म्हणजे मी. एवढी वर्षं मी हे पाठ केलं ते लोकांना हसवायला, असं मला वाटायचं. त्या दिवशी एक शब्द आठवावा लागला नाही. "हिच्या मानेक गाठ झाली हा" इथपर्यंत आलो आणि तात्यांचा आवाज माझ्या गळ्यातून निघून गेला. ओढायला गेलो तर येईना. राहिला तो माझाच, जो मी कधी स्टेजवर वापरलेला नाही, कारण त्यात ऐकण्यासारखं काही नाही असं मला वाटायचं. त्याच फाटक्या आवाजात मी म्हटलं, "आई, तिचा आवाज राहू दे." मग माझ्या तोंडून जे आलं ते मी ठरवलेलं नव्हतं. "आणि नाहीच राहिला, तर तिला काय म्हणायचंय ते मला कळू दे."

आधी खुर्चीतून तो आवाज आला, आणि मग सगळ्यांचा.

परतताना आम्ही घाट चढून कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घेतलं. घाटात आई बोलत होती, बरंच काही. मी फोन डॅशबोर्डवरून काढून खिशात ठेवला. आई म्हणाली, "का रे, मॅप नको आता?" तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नस चिकटलेली नव्हती, टेकलेली होती. सांभाळून बाजूला केली, पण आवाज लगेच येणार नाही, वाट बघा. असं होतं कधी कधी, म्हणाले. पुढचे पाच आठवडे आईच्या गळ्यातून नुसती हवा यायची. मी पाटी आणून ठेवली होती, ती तिने एकदाही उचलली नाही. तिने पंख्याकडे बघितलं की मी एक नंबर कमी करायचो. माझ्या डोक्याकडे बघितलं की केस कापायला जायचो. भुवई वर गेली की चहात साखर जास्त झालीय. मागितलेल्यातलं दुसरं आधी मिळालं होतं. मला सगळं कळत होतं. आणि तेव्हा लक्षात आलं की आईची नक्कल मला का जमत नव्हती. मी तिचा आवाजच पकडायला बघायचो, आणि ती कितीतरी गोष्टी आवाजाशिवाय सांगत आली होती.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी आतून कोणीतरी म्हणालं, "ओला टॉवेल गादीवर." मी इतका हसलो की रडायला लागलो. आवाज पूर्वीचा नाही. जाड झालाय, वरच्या पट्टीत फाटतो. अकराव्या मजल्यावरून वॉचमनला आता ऐकू जात नाही. पण मला स्वयंपाकघरातून ऐकू येतो, आणि आमचं घर एवढंच आहे.

हळदीत मी आता तो आयटम करत नाही. लोक मागतात, मी सेक्रेटरीवर निभावतो. कोणाच्या तोंडी काय कशासाठी ठेवलेलं असतं ते आपल्याला आधी सांगत नाहीत. आपण फक्त मागितल्यावर द्यायचं, एवढं मला समजलंय. रोज संध्याकाळी काकीआजींना फोन लावतो. त्या दिवा लावून फोन तात्यांच्या खुर्चीजवळ ठेवतात. मी एकदा खोकतो, "हां" म्हणतो आणि त्यांच्या आवाजात गाऱ्हाणं घालतो. प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबतो. आधी फोनमधून तात्यांचं येतं. मग कणीक मळता मळता आतून आईचं.

"व्हय म्हाराजा."

मग मी पुढचं म्हणतो.