बटणं नसलेली शेगडी

मी चौथी शिकलेली. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तरी एका संस्थेतर्फे आंधळ्या माणसांना घरकाम शिकवायला जाते. तिथं फार बोलावं लागत नाही, हात धरून दाखवलं की झालं.

जेसल पार्कमधल्या एका मावशींची नजर मधुमेहानं गेली. त्यांना एवढंच हवं होतं, की मुलगा कामावर गेल्यावर आपलं गरम जेवण आपण करावं. आधी भांडं मधोमध ठेवायचं, मग गॅस पेटवायचा, आवाजावरून आच ओळखायची, हे सगळं त्या भराभर शिकल्या. मुलाला मात्र ते पसंत नव्हतं.

त्या दिवशी दार उघडंच होतं. आत गेले आणि जागीच थिजले. शेगडीला बटणंच नव्हती. नुसत्या दोन लोखंडी काड्या बाहेर आलेल्या. आणि वर कालवण उकळत होतं.

"मावशी, बटणं कुठंयत?"

"पोराच्या खिशात. आई भाजेल म्हणून रोज काढून नेतो."

"मग पेटवलं कसं?"

त्यांनी सांडशी वर केली. "हिनं काडी धरायची नि वळवायची. घसरते गो कधीकधी."

काडी अर्धवट वळून गॅस सुटत राहिला असता तर? मी त्यांच्या हातातून सांडशी घेतली आणि कसाबसा गॅस बंद केला.

तेवढ्यात विसरलेला चार्जर न्यायला मुलगा परत आला. वासानं स्वयंपाकघरात डोकावला. आधी पातेल्याकडे, मग माझ्या हातातल्या सांडशीकडे बघत राहिला.

"ताई, हे तुम्ही शिकवलंत?"

मी सांडशी ओट्यावर ठेवली. मावशीच म्हणाल्या, "तिला कशाला बोलतोस? डोकं माझं. उद्या सांडशी पण ने खिशातनं. परवा मी दुसरं काहीतरी शोधीन."

"दादा," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "बटणं होती तेव्हा त्या एकदाही भाजल्या नाहीत."

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मग खिशातून बटणं काढून तो बसवायला लागला, तर त्यातलं एक निसटून लादीवर गडगडत गेलं. मावशी आवाजाच्या रोखानं वाकल्या, ते उचललं, काडी चाचपून बसवलं आणि वळवून पाहिलं.

"आता जेवूनच जा," त्या म्हणाल्या. "तू पण बस गो."

तो उभ्याउभ्याच जेवला. मी ताट घेऊन मावशींच्या शेजारी बसले.