मावशीचा शिंगाळा

"तोंड वर कर गो."

हातात भाताचा डाव उंच धरून मावशी हे म्हणायची आणि मगच ताटात भात पडायचा. रोह्याजवळ धाटावच्या आमच्या कंपनीत कॅन्टीनच्या खिडकीपलीकडे ती उभी असायची. बाकीचे लोक ताट बघून वाढतात, ही तोंड बघून वाढायची. चेहरा उतरलेला दिसला की दीड डाव भात, वर न मागता लोणचं. रात्रपाळी करून आलेल्याला आधी ताक. आणि कुणी खुशीत दिसला की म्हणायची, "तुझं पोट आधीच भरलंय, पुढं हो."

तिला नावानं कुणी हाक मारली नाही. मॅनेजरसाहेबांपासून गेटवरच्या रेश्मापर्यंत सगळ्यांची ती मावशी. माहेर डोलवीच्या बाजूचं, खाडीकाठचं. बाप मिठागरावर कामाला. लग्न होऊन रोह्याला आली त्याला तीस वर्षं झाली असतील, पण कुठलाही वाद एका वाक्यात मिटवायची तिची पद्धत ठरलेली: "मला नको शिकवू. मी खाडीची हाय." मग वाद माशाच्या कालवणाचा असो, पगारवाढीचा असो नाहीतर मोबाईलमधल्या बातमीचा.

मी तेव्हा लॅबमध्ये नुकतीच लागले होते. पेणहून रोज गाडीनं जाऊन-येऊन. पहिल्या दिवशी मावशीनं माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "पेनची काय? मग आमची वांगी खातेस का आईच्या हातची नाय म्हनून नाव ठेवतेस?" तिथून आमचं जमलं.

गणपती गेल्यानंतरची गोष्ट. पाऊस ओसरला होता, तळी काठोकाठ भरली होती. बॉयलरवरचे म्हात्रे आणि त्यांची मंडळी शनिवारी रात्रभर तलावावर शिंगाळे धरायला जाऊन आली होती. शिंगाळा म्हणजे मिशांचा, बिनखवल्याचा मासा. पाठीवर आणि कल्ल्यांपाशी असा काटा, की हाताला लागला तर दोन दिवस ठणका जात नाही. रात्रीच लागतो तो. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत म्हात्रे हात पसरून पसरून माशाची लांबी सांगत होते. मावशी खिडकीतून ऐकत होती.

"म्हात्रे, एवढा मासा लागला तर आणला नाय तो कॅन्टीनला?"

"मावशी, तुमचं काम तळायचं. धरायचं काम बायांचं नाय."

डाव पातेल्यात आपटला. आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या.

"पुढच्या शनवारी आम्ही जातो," मावशी म्हणाली. "आम्ही बाया."

म्हात्रे हसले. हसता हसता पैजही लावून बसले. बायांनी शिंगाळा धरला तर सोमवारची कॅन्टीनची भांडी बॉयलरवाले घासणार. नाही धरला तर आठवडाभर बॉयलरवाल्यांच्या ताटात फुकट अंडी. सगळ्या कॅन्टीननं टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. 'आम्ही बायां'मध्ये मी आहे, हे मला संध्याकाळी कळलं.

आम्ही चौघी. मावशी, मी, गेटवरची रेश्मा आणि पॅकिंगमधली सुनंदा.

सुनंदाबद्दल सांगायला हवं. तिचा नवरा आमच्याच कंपनीत होता, बॉयलरवर, म्हात्र्यांचा जोडीदार. दोन वर्षांपूर्वी गावी गेला असताना तापानं गेला. त्यानंतर सुनंदा कामाला लागली. यायची, खोकी बांधायची, जायची. विचारलं तर "व्हय" नाहीतर "नाय". मासे तिनं सोडले होते. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. "घरात मासे आणणाराच गेला," एवढंच ती एकदा म्हणाली होती. मावशी तिच्यापुढे डाव उंच धरायची, तोंड बघायची आणि काही न बोलता वाढायची. तिला "तोंड वर कर" म्हणायची नाही.

तलावावर येतेस का, असं मावशीनं सुनंदाला विचारलं नाही. "शनवारी माझ्याबरोबर करवंट्यांचं पोतं उचलायला माणूस पाहिजे," असं सांगितलं. सुनंदा म्हणाली, "व्हय."

मला काम आलं आमिषाचं. "शिंगाळ्याला वासाचं खानं लागतं," मावशी म्हणाली. "पेनच्या बाजारातून जवळा घे, दोन दिवस डब्यात ठेव, मग आण." मी आणला. शनिवारी गाडीत तो स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसले. नागोठणं येईपर्यंत माझ्या बाकावरचे सगळे उठून दुसरीकडे गेले होते. रोह्यापर्यंत मी पाय पसरून आले. तेवढा सुखाचा प्रवास मी त्या मार्गावर कधी केला नाही.

मावशीचा नवरा सहा आसनी रिक्षा चालवायचा. शांत माणूस. त्यानं आम्हाला डोंगराच्या पायथ्याशी, मावशीच्या दिराच्या गावच्या तलावावर सोडलं. टोप, भाकऱ्यांची चवड, करवंट्या, बांबूच्या काठ्या, सगळं उतरवून दिलं आणि घुटमळत उभा राहिला.

"थांबू का?"

"अवो, जावा घरी. तुम्हाला बघून मासे घाबरतील. सकाळी या."

तो निमूट गेला.

मावशीनं काठ्या रोवल्या. प्रत्येक दोरीला एक घुंगरू बांधलं, नातीच्या तुटलेल्या पैंजणाचं. मासा ओढायला लागला की वाजणार. मग पदर खोचून तिनं पहिला गळ असा काही फेकला की आम्ही तिघी बघत राहिलो. लहानपणी बापाबरोबर खाडीत गळानं मासे गरवायला जायची म्हणे. लग्नानंतर सासूनं सांगितलं, सुनेनं काठी घेऊन पाण्यावर जायचं नाही. तेव्हापासून हातात काठी नव्हती.

"तीस वर्षांनी पण हात इसरला नाय बघा," ती म्हणाली. "मी खाडीची हाय."

पहिल्या तासात तिच्या गळाला शेवाळ लागलं. दुसऱ्यांदा एक चप्पल. तिसऱ्यांदा घुंगरू जोरात वाजलं, मावशी "आला गो, आला!" करत उठली आणि ओढून काढलं तर तळहाताएवढं कासव. त्यानं मावशीकडे असं बघितलं की रेश्मा हसून हसून आडवी झाली. रेश्मा एरवी ट्रकवाल्यांना दम देणारी बाई, पण बेडकाला घाबरायची. प्रत्येक 'डराव' झालं की टॉर्च घेऊन मोठ्या दगडावर चढायची.

"तळ्याच्या माशाला खाडीची भाषा कळत नाय," मावशीनं कासवाला सोडत जाहीर केलं.

पण पुढे पुढे तिचं बोलणं कमी झालं. ती आमिष बदलायची, गळ फेकायची, दोरी बोटावर धरून बसायची. मी चहा दिला तर घेतला नाही. मला तेव्हा उमगलं की भांडी आणि अंडी ही नुसती म्हात्र्यांसाठी होती. हात विसरला नाही ना, एवढंच तिला बघायचं होतं.

"मावशी, नाय लागला तर नाय," मी म्हटलं.

"गप गो."

आणि घुंगरू वाजलं. मावशीचं नव्हे, सुनंदाचं.

सुनंदा काठीशेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिनं काठी धरली आणि काठी तिला घेऊन निघाली. "मावशे!" अशी हाक मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. एवढा मोठा आवाज त्या बाईत होता, कुणाला ठाऊक! ती मागे झुकली, पाय घसरला, चिखलात बसली, पण काठी सोडली नाही.

"सोडू नको! ढील दे! ढील दे, आता घे!" मावशी ओरडत होती.

"कसा देऊ ढील? तो मलाच नेतोय!"

मी सुनंदाची कंबर धरली. रेश्मानं माझी. रेश्माच्या पायाशी त्याच वेळी बेडूक उडाला, ती किंचाळली, पण तिनंही मला सोडलं नाही. मावशी सरळ साडीसकट पाण्यात शिरली. कमरेइतकं पाणी. दोरी हातात घेत घेत पुढे गेली, वाकली आणि दिसेनाशी झाली. मग पाणी उसळलं आणि मावशी वर आली. छातीशी पदरात गुंडाळलेला, मिशा हलवणारा, काळा चकचकीत शिंगाळा. तान्ह्या पोराला घ्यावं तसा.

"फोटू काढ गो!" ती ओरडली.

मी काढला. अंधारात, घाईघाईत त्यात मावशीचे दात आणि माशाची एक मिशी एवढंच आलं.

मासा चारेक किलोचा तरी असेल. मावशीनं दगडानं आधी काटे मोडले आणि खाली बसली. धापा टाकत होती, हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"लागला तुला," ती सुनंदाला म्हणाली. "पण पान्यातून काढला मी. हाय ना?"

"व्हय," सुनंदा म्हणाली. मग स्वतःहून पुढे म्हणाली, "तूच काढलास, मावशे. मी नुसती ओरडत होते."

आता हा मासा सोमवारपर्यंत टिकवायचा होता. बर्फ कुठून आणायचा, कुणाच्या फ्रिजमध्ये मावेल, यावर आम्ही बोलायला लागलो. पूर्वेला उजाडत होतं. सगळ्या भिजलेल्या, गारठलेल्या, उपाशी. मावशीनं एकेकीच्या तोंडाकडे बघितलं.

"खड्ड्यात गेली पैज," ती म्हणाली. "चूल पेटवा."

राखेनं चोळून मासा साफ झाला. करवंट्यांवर टोप चढला. हळद, मसाला, चिंचेचा कोळ. तो वास त्या ओल्या हवेत पसरला तशी रेश्मा दगडावरून खाली उतरली ती परत चढली नाही. केळीच्या पानांवर तांदळाच्या भाकऱ्या मांडल्या. मावशीनं सुनंदाच्या पानावर भाकरीबरोबर लोणच्याची फोड ठेवली आणि म्हणाली, "तुझ्यासाठी वेगळं हाय. तुला नको तर नको."

सुनंदानं लोणचं बाजूला सारलं. पान पुढे केलं.

"मधला तुकडा दे," ती म्हणाली.

आम्ही तिघीही टोपाकडेच बघत राहिलो. मावशीनं मधला तुकडा वाढला. सुनंदानं खाल्ला, बोटं चाटली, दुसरा मागितला. "त्यांना डोकं आवडायचं," ती मध्येच म्हणाली, आणि हसली.

"डोकं ठेवलंय," मी म्हटलं. "मावशी, तेवढं तरी सोमवारी दाखवायला नेऊ. पुरावा."

मावशीला पटलं. जवळ्याचा डबा राखेनं घासून कालवणातलं डोकं त्यात ठेवलं. सामान बांधून आम्ही रस्त्याकडे निघालो, तर वळणावर रिक्षा उभी. आत मावशीचा नवरा मागच्या सीटवर आडवा, मफलर गुंडाळून. घरी गेलाच नव्हता. रात्रभर तिथेच.

"अवो! सांगितलं होतं ना घरी जावा म्हणून?"

"गेलो असतो," तो डोळे चोळत म्हणाला, "पण तुझा आवाज ऐकायला येत होता. मासा लागला का?"

मावशीनं माझ्या हातातून डबा घेतला, उघडला, वर एक भाकरी ठेवली आणि त्याच्या मांडीवर दिला. त्यानं तिथेच बसून शांतपणे सगळा पुरावा खाऊन टाकला.

सोमवारी कॅन्टीन तुडुंब. म्हात्रे पुढच्या बाकावर. "कुठाय मासा?"

"खाल्ला," मावशी म्हणाली.

जो हशा झाला, तो गेटपर्यंत गेला असेल. मी माझा फोटो दाखवला, त्यावर आणखी हसले. मावशी खिडकीत लाल होऊन उभी. अंड्यांचं बोलणं सुरू झालं, तेवढ्यात रांगेतली सुनंदा ताट खाली ठेवून मध्ये येऊन उभी राहिली.

"मी सांगते," ती म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. चप्पल, कासव, बेडूक, सगळं. मावशी पाण्यात कशी शिरली ते बाकांच्या मधून चालून दाखवलं. मासा कसा धरला ते कुणाची तरी बॅग छातीशी धरून दाखवलं. मावशीचा आवाज काढला, रेश्माची किंकाळी काढली. लोक हसत होते, पण आता वेगळं हसत होते. काहींनी जेवण थांबवलं होतं. मधल्या तुकड्यापाशी आली तेव्हा म्हणाली, "लई गोड होता. दोन वर्षांनी खाल्ला."

कुणी पुरावा मागितला नाही. म्हात्रे ताटाकडे बघत बसले होते. दोन वर्षं रोज सकाळी ते सुनंदाला गेटपाशी बघायचे आणि काय बोलावं ते न कळून पुढे जायचे. ते उठले, बाह्या वर केल्या.

"मावशे, भांडी कुठं हायत?" मग सुनंदाकडे वळून म्हणाले, "वहिनी, पुढच्या खेपेला आम्हाला पण न्या."

"बघू," सुनंदा म्हणाली.

बॉयलरवाल्यांनी त्या दिवशी घासलेली भांडी मावशीनं संध्याकाळी पुन्हा घासली. पण ते त्यांना कधी सांगितलं नाही.

पुढे मावशीचा मुलगा डोलवीच्या कारखान्यात लागला. त्यांनी रोह्याचं घर सोडलं आणि मावशीच्या माहेरगावीच खोली बांधली. शेवटच्या दिवशी तिनं भाषण वगैरे केलं नाही. प्रत्येकाला काहीतरी बजावत फिरली. मला म्हणाली, "सकाळची उपाशी येत जाऊ नको." आता कॅन्टीनला कप्प्यांची ताटं आली आहेत, वाढणारी मुलं चांगली आहेत, सगळ्यांना सारखंच वाढतात. आम्ही तिघी अजून वर्षातून एकदा त्या तलावावर जातो. आमिषाचा डबा आता सुनंदा सांभाळते.

परवा मी पेणहून एस.टी.नं अलिबागला चालले होते. खाडीच्या पुलावर गाडी हळू झाली. ओहोटी होती, खाली चिखल चमकत होता. बांधापलीकडे गुडघाभर पाण्यात एक बाई उभी होती, पाठमोरी, साडी वर खोचलेली. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकून "मावशे!" म्हणून ओरडले. कंडक्टरनं वळून बघितलं, गाडीतल्या सगळ्यांनी बघितलं.

तिनं मात्र मान वळवली नाही. तिच्या हातातली काठी वाकली होती आणि ती मागे रेलून, पाय रोवून, दोरी आत घेत होती.