सावलीकडचा भूर्ज

बुरुलचं माहेर नारिनकडच्या डोंगरात, नदीकाठच्या भूर्जांच्या दाटीत. लग्न होऊन ती चुईच्या सखल, तापलेल्या खोऱ्यात आली. सासरी जर्दाळू होते, चेरी होती, टोमॅटोचे वाफे होते. कशाची म्हणून कमी नव्हती. तरी कामातून सवड मिळाली की ती परसात जाऊन नुसती उभी राहायची.

"काय शोधतेस गं तिथं?" सासूनं एकदा विचारलं.

"काही नाही, अपा. वारा पडला की इथली झाडं लवकर गप्प होतात."

"झाडांनी बडबडायचं असतं होय? जर्दाळू उतरव, पाखरं खातायत."

दुसऱ्या वर्षी बर्फ वितळल्यावर धाकटा भाऊ कुबात मेंढ्या विकायला खाली आला, तेव्हा ओल्या गोणपाटात गुंडाळून भूर्जाचं एक रोप घेऊन आला. "एजे," तो थोरल्या बहिणीला म्हणाला, "नदीवरनं आणलंय. जगलं तर जगलं."

स्वयंपाक करताना दिसावं म्हणून बुरुलनं ते अंगणाच्या मधोमध लावलं. नवरा शर्शेन बिटाचा ट्रक चालवायचा. तो म्हणाला, "इथं आमची डोकी भाजतात. तुझं हे डोंगरातलं लेकरू कसं तग धरणार?" ती रोज पाणी घालत राहिली. भर उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या, मग शेंडा वाळला. तिनं तरी ते उपटलं नाही. एक दिवस ती बाजारातून आली तर जागा मोकळी. सासूनं ते मोडून चहाच्या समोवारात जाळायला घातलं होतं.

"वाळकंच होतं की," सासू म्हणाली.

बुरुलनं सगळ्यांना चहा ओतून दिला, स्वतःची चहाची वाटी मात्र पालथी ठेवली.

मधे बरीच वर्षं गेली. दोन मुली झाल्या, थोरली शाळेत जायला लागली. पुन्हा रोप आणू का, असं कुबातनं विचारलं तेव्हा बुरुलनं आधी नीट आठवून पाहिलं, की माहेरी भूर्ज उभे कसे असतात. डोकं उन्हात, पाय गारव्यात. इथं घराच्या मागं सावलीकडं, बर्फ सगळ्यांत उशिरा विरघळतो तिथून पाटाचं पाणी जायचं. पण तिथं शर्शेनची तेलाची पिंपं होती.

"पिंपं हलव," ती म्हणाली.

"कुठं हलवू?"

"उन्हात ठेव. त्यांना काही होत नाही."

त्यानं कुरकुरत हलवली. तिनं रोप लावलं, मुळांवर जुनं गवत पसरलं आणि भोवती कुदळ म्हणून लागू दिली नाही. खोड आधी तपकिरीच होतं. मग एका हिवाळ्याच्या अखेरीला साल कागदासारखी सुटली आणि आतून पांढरं दिसलं. बुरुल त्या पांढऱ्यावर तळवा ठेवून उभी होती, तेवढ्यात सासू काठी टेकत आली. "शहाण्यासारखं वाढलंय," एवढंच म्हणाली. पुढं तिचे शेवटचे दोन उन्हाळे त्याच सावलीत गेले.

बुरुलची आई गेली तेव्हा ती माहेरी गेली. चाळिसाव्या दिवसाचं जेवण होईपर्यंत राहिली. भूर्ज अजून हिरवे होते. "पंधरा दिवस थांब की, पिवळे होतील," कुबात म्हणाला. पण शर्शेनचा पाय प्लास्टरमध्ये, घर सगळं मुलींवर. ती परतली.

तेव्हापासून दर वर्षी थंडीची चाहूल लागली की ती कुबातला फोन लावते.

"झाले का रे पिवळे?"

"झाले, एजे. नदीपर्यंत सगळं पिवळं आहे."

मागच्या झाडाचं तेव्हा जेमतेम एखाददुसरं पान बदललेलं असतं. ते पुरतं पिवळं होतं आणि बिटं निघतात, तोवर वर डोंगरात बर्फ पडून फांद्या उघड्या झालेल्या असतात.

यंदा फोन ठेवल्यावर शर्शेन म्हणाला, "आता काय अडलंय? जा की एकदा वेळेवर."

"बिटं निघू देत," ती म्हणाली, आणि फोन हातातच धरून मागच्या दाराकडं गेली.