मामाचा अंगठा

माझा मामा फरशी बसवतो. चवड्यावर बसायचं, भार उजव्या पायाच्या अंगठ्यावर टाकायचा आणि एकेक फरशी लावत मागे सरकायचं, बत्तीस वर्षं हेच. त्या अंगठ्याचा सांधा झिजला, वर हाडाचा उंचवटा आला, तरी विचारलं की म्हणायचा, "ठेच लागली." वर्षभर तीच ठेच! मामी म्हणायची, "पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. आमच्याकडे पुढेही हेच आणि मागेही हेच."

शेवटी मीच त्याला डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. त्यांनी एक्स-रे दाखवला. "वाढलेलं हाड तासता येईल, पण आत सांधाच उरलेला नाही, दुखणं राहील. कृत्रिम सांधा तुमच्या कामात टिकायचा नाही. दोन्ही हाडं स्क्रूनं जोडली तर दुखणं थांबेल, चालालही नीट. पण अंगठा तिथे वाकणार नाही. चवड्यावर बसणं संपलं."

"तासा," मामा म्हणाला.

"मामा, त्या काय म्हणाल्या ते ऐकलंस का?"

"तासा म्हटलं ना!" आणि उठून चालता झाला.

मग महिनाभर त्याच्या जिवाला चैन नाही. बसला की उठायचा, पंखा बंद करायचा, पुन्हा लावायचा. मामी गुडघ्यावर बसून काम करा म्हणाली, तर तिच्यावरच खेकसला. मलाही त्याचा वैताग आला होता.

त्यातच एका घरून फोन आला: नव्या बाथरूममधलं पाणी खोलीत येतंय. मी त्याला स्कूटरवरून नेलं. त्यानं बादली ओतली. पाणी जाळीला वळसा घालून उंबऱ्याशी आलं. मामा आपणहून बोलला.

"या कोपऱ्यात मला बसवेना. चार फरशा उभ्यानंच वाकून लावल्या. उतार चुकला."

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. त्यानं छिन्नी घेतली आणि चारही फरशा स्वतः फोडल्या. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंना फोन लावून म्हणाला, "जोडा."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात चवड्यावर बसला होता. कपाळावर घाम.

"अहो, उठा. दुखतंय ना?" मामी म्हणाली.

"दुखतंय. बसू दे."

मामीनं गॅस बंद केला आणि त्याच्या शेजारी खाली बसली.