एकतर्फी रविवार

पत्नी गेल्यानंतर फणसवाडीतल्या आमच्या जागेत माझ्याशी बोलणारे कुणी उरले नाही. मुलगी परदेशात. मोबाइलवरचे बोलणे मला पटत नाही. रिसीव्हर कानाला लावल्याखेरीज संभाषण अधिकृत वाटत नाही. म्हणून तिने इंटरनेटवर चालणारा एक टेबलफोन पाठवला आणि दर रविवारी दुपारी फोन करण्याचे कबूल केले.

पहिल्या रविवारी घंटा वाजली. मी फोन उचलला, पण पलीकडून काहीच ऐकू येईना. मग मोबाइलवर तिचा संदेश आला: "बाबा, तुमचा आवाज स्वच्छ येतोय. माझा येत नाही का? तरी बोला, मी ऐकतेय."

मी बोललो. असे तीन रविवार गेले. तिच्या आईचे कपाट मी अजून उघडलेले नाही, सकाळी चहा चुकून दोन कप होतो, हे सारे सांगितले. समोरून उत्तर येणार असते, तर यातले एक अक्षर बोललो नसतो.

मधल्या दिवसांत मी फोन बनवणाऱ्या कंपनीला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला रजिस्टर्ड पत्रे लिहिली. अखेर इमारतीच्या समितीला लिहिले: सात दिवसांत खुलासा न केल्यास ग्राहक मंचात दाद मागीन. कारण संपूर्ण इमारतीचे इंटरनेट समितीच्याच ताब्यात आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समितीचे चिटणीस स्वतः आले. ते बँकेत नेटवर्क सांभाळतात.

"काका, कंपन्यांना कशाला शिव्या? अडवणूक आपल्याच फायरवॉलमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या दारावरच्या पहाऱ्यात आहे. बाहेरच्या जगाला आपल्या इमारतीचा एकच पत्ता दिसतो. आतले खोलीनंबर फायरवॉल सांभाळते. घंटेची वाट तुमचा फोनच आतून उघडी ठेवतो, पण आवाजाच्या उत्तरासाठी नुसता 'खोली चौदा' असा पत्ता देतो. ना इमारत, ना गाव. पोस्टमन पत्र आणणार कुठे?"

"मी आयुष्यात अपुरा पत्ता लिहिलेला नाही."

"तुम्ही नाही हो, फोनने लिहिला. तो पत्ता पुरा करून देणारी सोय फायरवॉलमध्ये होती. आवाज आत यायची वाटही उघडी होती."

"मग बंद कुणी केली? नाव सांगा, मी लेखी—"

त्यांनी फाईलमधून कागद काढला. सही माझी होती. सायबर फसवणुकीच्या बातम्या वाचून मीच मागणी केली होती: 'बाहेरून इमारतीत येणारे सर्व मार्ग तत्काळ बंद करावेत.'

"दोन स्मरणपत्रंही आहेत," ते म्हणाले. "समितीने हात टेकले होते तुमच्यापुढे."

मी तिथेच बसून, माझ्या फोनपुरता तो अर्ज मागे घेत असल्याचे लिहून दिले. त्यांनी फोनला इमारतीचा बाहेरचा पत्ता सांगायला शिकवले आणि केवळ मुलीच्या फोनसेवेकडून येणाऱ्या आवाजाला वाट करून दिली.

चौथ्या रविवारी आवाज आला. "बाबा?"

इतका जवळून आला की मी मागे वळून पाहिले.

"प्रथम एक बाब स्पष्ट करतो," मी म्हणालो. "झाल्या प्रकारात दोष पूर्णतः—"

"बाबा, राहू द्या ना ते. मागचे तीन रविवार किती वेगळं बोलत होतात तुम्ही! आईबद्दल इतकं तर कधीच..."

"त्यात बोलण्यासारखे काही नाही."

आता तिचा श्वासही ऐकू येत होता.

"जेवलात?"

"हो."

"बरं. ठेवते मग."

"ठेव," मी म्हणालो, आणि ती खरोखरच ठेवीपर्यंत रिसीव्हर कानाला धरून राहिलो.