तोंडातून न निघणारा शब्द

तात्या वकिलांच्या ऑफिसात लीला टायपिस्ट होती, पण तोरा वकिलाचा. नवऱ्यानं हाकललेली कुठलीही बाई आली की हिचं सुरू: “रडायचं बंद कर आधी. त्यानं तुला टाकलं, आता तू त्याला टाक की!” आणि वर स्वतःचा दाखला. तिचा नवरा गडहिंग्लजला दुसरं बिऱ्हाड करून राहिला होता. “मी त्याचं नावसुद्धा टाकलंय. काय अडलं माझं?” असं ती ठसक्यात विचारी, आणि समोरची बाई मान खाली घाली.

अठ्ठ्याऐंशी साली तात्यांनी कॉम्प्युटर घेतला. टाइप केलेले जबाब चहाच्या कपाबरोबर विरुद्ध पार्टीच्या वकिलाकडं पोचायला लागले होते, म्हणून कॉम्प्युटर क्लासच्या मास्तरनं एक फ्लॉपी आणून दिली. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. आधी प्रोग्रॅमचं नाव, मग फाइलचं, शेवटी आपला गुप्त शब्द. एंटर मारलं की सगळ्या मजकुराची गिचमीड! परत वाचायचा तर तोच शब्द पाहिजे. चुकीचा दिला तर यंत्र हरकतही घेत नसे, आणखी गिचमीड करून ठेवी. तो शब्द ओळीत उघडा दिसायचा. त्यामुळं लीला आधी सगळ्यांना बाहेर काढी, आणि काम झालं की पडदा पुसून टाकी.

“शब्द ठेवलाय तरी काय, लीलाबाई?” तात्यांनी एकदा विचारलं.

“माझ्या तोंडातनं कधी निघणार नाही असा,” ती म्हणाली.

मग आली गारगोटीकडची चिमणाबाई. नवऱ्यानं हिला बाहेर काढून हिची लहान पोरगी स्वतःकडं ठेवून घेतलेली. पोरगी परत पाहिजे, एवढंच तिचं मागणं. जबाबात नवऱ्याचं नाव विचारलं तर बाई अडली. “आमच्यात घेत न्हाईत, बाई. कागदावरनं बघून घ्या की.”

लीला भडकली. “तुला घराबाहेर काढताना त्याला लाज वाटली न्हाई, आणि तुला नाव घ्यायला लाज? घे!”

चिमणाबाईनं तोंडावर पदर ओढून नाव घेतलं आणि हमसून हमसून रडली. लीलानं जबाब टाइप केला, आपल्या शब्दानं कुलूपबंद केला, आणि बहिणीच्या पोरीच्या बारशाला हुपरीला निघून गेली. कोर्टाची तारीख पुढच्या आठवड्यात होती.

बारशाच्या दिवशी सकाळीच बहिणीच्या घरी पुढच्या सोप्यात बायकांचा गलका. हुपरीत घरोघरी चालणारं चांदीच्या पैंजणांचं काम आज बाजूला सारून पोळ्या लाटणं चाललेलं. कुणीतरी लीलाला छेडलं, “नाव घे की गं!”

“टाकलेल्या माणसाचं कसलं नाव घ्यायचं?” ती फटकन म्हणाली. सगळ्या पुन्हा पोळ्यांकडं वळल्या. आपण बरं सुनावलं असं लीलाला वाटलं.

एवढ्यात सोप्यातला फोन वाजला. पलीकडं तात्या. “लीलाबाई, घोटाळा झाला! तारीख अलीकडं घेतली, आत्ताच सुनावणी आहे. चिमणाबाई इथं माझ्याशेजारी उभी आहे. जबाब दाखल झाला नाही तर पोरगी बापाकडंच राहणार. तो शब्द सांगा!”

लीलानं सोप्यातल्या बायकांकडं पाहिलं. एसटीनं जायचं म्हटलं तर सुनावणी आटपलेली असणार. विसरले म्हणून सांगावं, असं एकदा मनात आलं, आणि त्या विचाराचीही तिला लाज वाटली. ती दबक्या आवाजात इंग्रजी अक्षरं सांगायला लागली.

“नुसती खरखर येतेय! सरळ सांगा, मोठ्यानं!”

“कृष्णात,” ती पुटपुटली.

“काय?”

“कृष्णात!” लीला ओरडली. “कृष्णात, कृष्णात! माझ्या नवऱ्याचं नाव!”

लाटणी थांबली. बहीण परात घेऊन दारातच उभी राहिली. कुणी हसलं नाही. एखादी फिदीफिदी हसली असती तरी बरं झालं असतं, लीलाला तिच्यावर खेकसता आलं असतं. लग्नात उखाण्यात घेतलेलं नाव त्यानंतर आज तोंडातून निघालं होतं. पण बोटांनी? ऑफिसातल्या माणसांना बाहेर काढून रोज तेच तर लिहीत होती ती. आणि दुसऱ्या बायकांना शहाणपण शिकवत होती! तिला स्वतःची इतकी लाज वाटली की जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

पलीकडं तात्यांना स्पेलिंग विचारावं लागलं नाही. तिची फारकतीची नोटीस त्यांनीच लिहिली होती. मग बटणांचा आवाज आला, आणि पाठोपाठ प्रिंटरची करकर. “आलं! मराठी दिसतंय! निघालो मी कोर्टात!”

लीला फोन ठेवणार, तेवढ्यात चिमणाबाईचा आवाज आला. तिनं रिसिव्हर घेतला असणार.

“तुमीबी व्हय, बाई?”

टोमणा असता तर लीलानं झाडला असता. पण त्या आवाजात टोमणा नव्हता.

“व्हय गं,” लीला म्हणाली. “मीबी.”